‘मी नाही सही करणार’

१६ नोव्हेंबर १९६१. इटलीच्या ईशान्य टोकाला, युगोस्लाव्हियाच्या सीमेला अगदी खेटून असलेलं गोरित्सिया हे छोटं शहर आणि तिथलं सरकारी मनोरुग्णालय. नव्या संचालकांचा पहिला दिवस. मुख्य परिचारकाने रिवाजाप्रमाणे एक वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं त्याची नोंद तीत होती. संचालकांनी खाली सही करायची, वही मिटायची आणि दिवस सुरू व्हायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. ३७ वर्षांच्या फ्रांको बझालियांनी वहीकडे पाहिलं आणि आपल्या व्हेनिसच्या बोलीत ते एवढंच म्हणाले, ‘मी नाही सही करणार.’

त्यानंतर साडेसोळा वर्षांनी इटलीच्या संसदेने एक कायदा केला. नवी मनोरुग्णालयं बांधायची नाहीत, जुन्यांत नवा रुग्ण घ्यायचा नाही आणि आहेत ती टप्प्याटप्प्याने रिकामी करायची, असं त्यात लिहिलं होतं. असा निर्णय तोवर कोणत्याही देशाने घेतला नव्हता. एका डॉक्टरने न केलेल्या सहीपासून देशाच्या कायद्यापर्यंतचा हा रस्ता सरळ नव्हता. त्यात रक्त सांडलं, खटले झाले, आणि एक मोठा निळा घोडाही आला.

त्या वहीमागे १९०४ सालचा कायदा उभा होता. मनोरुग्णालयात कोणाला ठेवायचं याची कसोटी त्याने ठरवून दिली होती : जो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, किंवा ज्याच्या वागण्याने चारचौघांत बभ्रा होतो, त्याला. माणूस किती दुःखात आहे, त्याला कशाने बरं वाटेल, हे प्रश्न कायद्याच्या दृष्टीने दुय्यम होते. डॉक्टरचा दाखला आणि पोलिसांचा हुकूम मिळाला की दार बंद व्हायचं. काही दिवसांच्या निरीक्षणानंतर न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं की त्या माणसाचं नाव गुन्हेगारांच्या नोंदवहीत चढायचं आणि त्याचे नागरी हक्क जायचे.

या कायद्यात आणखी एक खोच होती. रुग्णालयाची सगळी सत्ता संचालकाच्या हाती, आणि सगळी जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर. सोडलेल्या रुग्णाच्या हातून काही अघटित घडलं तर जाब संचालकाला. कोंडून ठेवलेला माणूस वीस वर्षं आत झिजून मेला, तर जाब कोणालाच नाही. त्यामुळे दार बंद ठेवणं हे सर्वांत निर्धोक काम झालं. १९६०च्या दशकात इटलीतल्या मनोरुग्णालयांत सुमारे एक लाख माणसं होती. त्यांत बहुतेक गरीब होती. ज्याच्या घरी पैसा होता त्याच्यासाठी खासगी दवाखाने होते. ज्याच्याकडे नव्हता त्याच्यासाठी गजांच्या खिडक्या होत्या.

बझालियांचा जन्म १९२४चा, व्हेनिसमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फॅसिस्टांविरुद्ध काम केल्याबद्दल विशीतच त्यांनी काही महिने तुरुंग भोगला. पुढे पादुआला वैद्यकीचं शिक्षण झालं आणि तिथल्याच विद्यापीठाच्या दवाखान्यात बारा-तेरा वर्षं काम. तिथे ते हुस्सर्ल, सार्त्र, बिन्सवांगर यांची पुस्तकं वाचत बसत, म्हणून वरिष्ठ त्यांना ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त होता. अशा माणसाला विद्यापीठात प्राध्यापकी मिळणं अवघड होतं. सीमेवरच्या आडगावच्या मनोरुग्णालयाचं संचालकपद ही त्या काळच्या हिशेबाने बदलीची शिक्षाच होती.

गोरित्सियाच्या इमारतीत पाऊल टाकल्यावर त्यांना पहिल्यांदा ओळखू आला तो वास. घाम, मलमूत्र आणि बंद हवेचा तो वास तुरुंगात नाकात बसलेला होता. पाचशेहून जास्त माणसं तिथे होती. केस भादरलेले, अंगावर संस्थेचे एकसारखे कपडे. विजेचे झटके, इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी आणि हातपाय आवळणारे पट्टे ही तिथली उपचाराची साधनं. रुग्णालयाच्या आवाराला लागूनच १९४७ साली आखलेली सीमा गेली होती. एका कुंपणाने दोन देश वेगळे केले होते आणि दुसऱ्याने शहाणे आणि वेडे.

बझालियांना आणि त्यांच्या पत्नी फ्रांका ओंगारो यांना एका प्रश्नाने घेरलं. वॉर्डात कोपऱ्यात तासन्‌तास बसून राहणारा, बोलायचं सोडून दिलेला, कशाचीच इच्छा न उरलेला हा माणूस आपण पाहतो आहोत. त्यातलं आजाराने काय केलं आणि वीस वर्षांच्या कोंडवाड्याने काय केलं? पाठ्यपुस्तकं म्हणत, ही स्किझोफ्रेनियाची शेवटची अवस्था. पण ज्याच्याकडून स्वतःचे कपडे, पैसे, वेळ, खोलीचं दार, नावाने हाक मारणारं माणूस हे सगळं काढून घेतलं, तो निरोगी असता तरी वीस वर्षांनी कसा दिसला असता?

हा प्रश्न त्या काळी आणखी काही ठिकाणी विचारला जात होता. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ साली ‘संस्थेमुळे जडणारा विकार’ असं त्याला नावच दिलं होतं. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात मुक्काम ठोकून तिथल्या माणसांचं जगणं टिपलं. त्यांचं ‘असायलम्स’ हे पुस्तक १९६१ सालीच आलं. मनोरुग्णालय, तुरुंग, लष्करी छावणी या जागा माणसाचं जुनं ‘मी’पण कसं सोलून काढतात, हे त्यांनी दाखवलं होतं. फ्रांका ओंगारो यांनी ते इटालियनमध्ये आणलं. पुढच्या वीस वर्षांत फ्रांको यांच्या नावाने ओळखलं जाणारं बरंचसं लेखन खरं तर या दोघांचं आहे.

बझालियांनी आजार नाकारला, असा त्यांच्यावर नेहमी आरोप होतो. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आजार थोडा वेळ कंसात ठेवू, असं ते म्हणत. कंसातला मजकूर खोडलेला नसतो, बाजूला ठेवलेला असतो. निदानाचं लेबल बाजूला ठेवलं की त्यामागचा माणूस दिसू लागतो, आणि त्याच्या दुःखातला किती भाग गरिबीचा, किती एकटेपणाचा, किती संस्थेचा आणि किती आजाराचा हे तेव्हाच कळू शकतं. औषधं ते देत होते. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझीनमुळे पुष्कळ रुग्णांची तगमग कमी होत होती आणि दारं उघडायला त्याची मदतच झाली. पण गोळी दिली म्हणजे काम संपलं, हे त्यांना मान्य नव्हतं.

आपल्या लेखनात ते एक पौर्वात्य गोष्ट सांगत. एक माणूस झोपलेला असताना त्याच्या तोंडातून साप आत शिरला आणि पोटात जाऊन बसला. त्या दिवसापासून माणूस सापाच्या हुकमाने जगू लागला. खायचं काय, जायचं कुठे, सगळं साप ठरवी. एके दिवशी साप निघून गेला. माणूस मोकळा झाला, पण मोकळेपणाचं करायचं काय हे तो विसरून गेला होता. साप बाहेर काढणं हे निम्मंच काम. गेलेली इच्छा परत मिळवणं हे उरलेलं निम्मं, आणि जास्त अवघड.

गोरित्सियात ते काम लहानलहान गोष्टींनी सुरू झालं. बांधणं बंद. झटके बंद. रुग्णांना स्वतःचे कपडे मिळाले, केस वाढवायची मुभा मिळाली. कुंपणाच्या जाळ्या उतरवल्या गेल्या, त्यात रुग्णांचेही हात लागले. १९६२ पासून एकेक वॉर्ड उघडत गेला आणि १९६७ पर्यंत एकही वॉर्ड कुलपात राहिला नाही. रुग्णांनी स्वतःचं एक मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘सुतारपक्षी’. रोज सकाळी सगळ्यांची सभा भरू लागली. डॉक्टर, परिचारक, रुग्ण एकाच वर्तुळात बसत. कोणी उठून जाई, कोणी तेच तेच बोले, कधी भांडणं होत. सहलीला कुठे जायचं, आवारातल्या बारमध्ये कोणी काम करायचं, दारू पिऊन आलेल्याचं काय करायचं, अशा विषयांवर चर्चा चाले. स्कॉटलंडमध्ये मॅक्सवेल जोन्स यांनी उभं केलेलं ‘उपचारक समुदाया’चं काम बझालियांनी पाहिलं होतं, त्याचा हा गोरित्सियातला अवतार. ज्याला वीस वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं, त्याला ‘तुमचं काय मत?’ असं विचारणं, हाच उपचार होता.

१९६८ मध्ये या प्रयोगाचं पुस्तक निघालं, ‘नाकारलेली संस्था’. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचं ते वर्ष. पुस्तक हातोहात खपलं. जानेवारी १९६९ मध्ये सेर्जो झाव्होली या पत्रकाराने केलेला गोरित्सियावरचा माहितीपट राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. झाव्होलींनी विचारलं, तुम्हाला अधिक रस कशात आहे, रुग्णात की रोगात? क्षणाचाही विचार न करता बझालिया म्हणाले, ‘रुग्णात.’ त्याच वर्षी कार्ला चेराती आणि जानी बेरेंगो गार्दिन यांनी मनोरुग्णालयांत टिपलेल्या छायाचित्रांचं पुस्तक आलं. घरबसल्या देशाला पहिल्यांदा दिसलं की भिंतीपलीकडे माणसंच आहेत.

पण माहितीपट दाखवला जाण्याच्या आधीच घाव बसला होता. सप्टेंबर १९६८ मध्ये एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या एका रुग्णाने आपल्या पत्नीचा कुऱ्हाडीने खून केला. बझालियांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवला गेला. पुढे ते निर्दोष सुटले, परंतु जिचा जीव गेला ती बाई गेलीच. हा प्रसंग त्यांच्या समर्थकांना सांगायला आवडत नाही आणि विरोधकांना तेवढाच सांगायला आवडतो. दोन्हींत अन्याय आहे. १९०४च्या कायद्याने उघड्या दाराची जी भीती घातली होती ती निराधार नव्हती. चूक होती ती एका माणसाच्या कृत्याचा हिशेब उरलेल्या हजारोंच्या आयुष्यावर लावण्यात.

गोरित्सियातून बझालियांना आणखी एक धडा मिळाला होता. तिथे दारं उघडली, माणसं बोलू लागली, पण जाणार कुठे? घर नाही, काम नाही, शहरात आधाराचं केंद्र नाही. प्रांताचं प्रशासन रुग्णालयाबाहेर केंद्रं उघडायला तयार नव्हतं. रुग्णालय कितीही चांगलं केलं तरी तो सोन्याचा पिंजराच, हे त्यांना कळून चुकलं. ते निघून गेल्यावर मागे राहिलेल्या डॉक्टरांनीही १९७२ मध्ये याच कारणावरून सामूहिक राजीनामे दिले. बझालिया मधल्या काळात न्यूयॉर्कच्या एका सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात आणि नंतर पार्माजवळ कोलोर्नोला राहून आले होते. ऑगस्ट १९७१ मध्ये त्यांना त्रिएस्तेचं बोलावणं आलं.

बोलावणारे होते प्रांताचे तरुण अध्यक्ष मिकेले झानेत्ती. ते ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, म्हणजे मध्यममार्गी कॅथलिक पक्षाचे. बझालिया उघडउघड डावे. पण झानेत्तींनी त्यांना मोकळीक दिली आणि पुढची वादळं अंगावर घेतली. या गोष्टीत डॉक्टरांचं नाव मोठं होतं आणि होत राहील. मात्र गोरित्सियात जे अडलं ते त्रिएस्तेत चाललं, याचं कारण हा एक प्रशासक होता.

त्रिएस्तेचं सान जोव्हान्नी मनोरुग्णालय १९०८ मध्ये, शहर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असताना उघडलेलं. टेकडीच्या उतारावर झाडीत पसरलेल्या बैठ्या-दुमजली इमारती, चर्च, नाट्यगृह, धुलाईघर, स्वयंपाकघर. जणू एक स्वतंत्र गावच, फक्त कुंपणातलं. बझालिया आले तेव्हा तिथे जवळजवळ बाराशे माणसं होती आणि त्यांतली बहुसंख्य सक्तीने आणलेली.

पहिला बदल कामाचा. रुग्णांकडून झाडलोट, धुणं, स्वयंपाकघरातली कामं पूर्वीपासून करून घेतली जात आणि मोबदला म्हणून सिगारेटी किंवा चार नाणी हातावर ठेवली जात. त्याला नाव होतं कामातून उपचार. १९७२ मध्ये रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली. सुमारे साठ जण तिचे सभासद झाले आणि तीच झाडलोट आता करारावर, कामगार संघटनेने ठरवलेल्या दराने होऊ लागली. पगाराचं पाकीट हातात घेणाऱ्या माणसाकडे परिचारकाची, घरच्यांची आणि त्याची स्वतःची नजर बदलते. जगात पहिल्यांदाच अशी संस्था निघाली होती. पुढे इटलीभर अशा संस्थांचं जाळं पसरलं. ज्यांना आजारासाठी आत राहण्याची गरज नव्हती, पण बाहेर जायला ठिकाणही नव्हतं, त्यांना कायदेशीररीत्या मोकळं करून ‘पाहुणे’ म्हणून आवारात राहू दिलं गेलं. आडनाव तेच, खोली तीच. पण पाहुण्याला दार उघडून जाता येतं.

आणि मग घोडा. सान जोव्हान्नीत मार्को नावाचा एक खरा घोडा होता. १९५९ पासून तो धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढत असे. घोडा म्हातारा झाला, मोटारगाडी आली आणि १९७२ मध्ये त्याला कत्तलखान्यात पाठवायचं ठरलं. तेव्हा प्रांताध्यक्ष झानेत्तींना एक अर्ज आला. अर्जदार : मार्को घोडा. इतकी वर्षं इमानाने चाकरी केली, आता निवृत्ती द्यावी, मारू नये, अशी विनंती रुग्णांनी त्याच्या तोंडून केली होती. अर्ज मंजूर झाला. ज्यांना स्वतःसाठी कधी अर्ज करता आला नव्हता, त्यांनी घोड्यासाठी केलेला अर्ज.

१९७३च्या सुरुवातीला एका रिकाम्या झालेल्या इमारतीत नाटककार जुलिआनो स्काबिया आणि शिल्पकार व्हित्तोरिओ बझालिया, फ्रांको यांचे चुलतभाऊ, काही कलावंतांसह येऊन राहिले. दारं दिवसभर उघडी. रुग्ण येत, चित्रं काढत, गाणी रचत, बाहुल्या करत. काहीतरी मोठं बनवायचं ठरलं तेव्हा त्यांनी मार्को घोडा निवडला. लाकडाचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, उंची चार मीटरच्या आसपास, चाकांवर उभा. रंग कोणता? रुग्णांनी निळा ठरवला. पोटात काय असावं? प्रत्येकाने आपली इच्छा सांगितली. कोणाला घर हवं होतं, कोणाला परत मिळालेलं घड्याळ, कोणाला घरी जायचं होतं. त्या सगळ्या इच्छा घोड्याच्या पोटात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी घोडा शहरात न्यायचा होता. आदल्या रात्री वादावादी झाली. काही परिचारक आणि तरुण डॉक्टर म्हणाले, हा उत्सव लोकांना फसवेल. उद्या सगळे टाळ्या वाजवतील आणि आतल्या वॉर्डांची दुर्दशा तशीच राहील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की मिरवणूक काढायची आणि सोबत रुग्णालयाची खरी परिस्थिती सांगणारी पत्रकंही वाटायची.

सकाळी घोडा ढकलायला सुरुवात केली आणि तो दाराशी अडकला. दार माणसांच्या मापाचं, घोडा त्यांच्या इच्छांच्या मापाचा. मान वाकवून पाहिली, तिरका करून पाहिला. जमेना. गर्दी थबकली. मग बझालियांनी एक ओतीव लोखंडी बाक उचललं आणि दुसऱ्यांच्या मदतीने दाराच्या चौकटीवर आदळायला सुरुवात केली. चौकट निखळली, थोडी भिंतही ढासळली. घोडा बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग शेकडो रुग्ण, डॉक्टर, परिचारक, कलावंत त्रिएस्तेच्या रस्त्यांवर उतरले. काही रुग्ण कित्येक वर्षांनी शहर पाहत होते. फुटपाथवर, खिडक्यांत लोक उभे होते. ज्यांच्याबद्दल त्यांनी धोकादायक म्हणून ऐकलं होतं ती माणसं म्हातारी, अंगावर चांगले कपडे घातलेली, जरा बावरलेली अशी समोरून चालली होती. शहराने पाहिलं आणि शहरालाही पाहिलं गेलं.

मिरवणुकीने वॉर्ड रिकामे होत नाहीत. त्यासाठी पुढची चार वर्षं चिवट काम लागलं. १९७५ पासून शहराच्या वस्त्यांत मानसिक आरोग्य केंद्रं उघडली. दिवसरात्र उघडी, कुलूप नाही, थोडेसे पलंग. रुग्ण तिथे येई आणि गरज पडली की परिचारक त्याच्या घरी जाई. रुग्णांना गटागटाने सदनिका मिळाल्या. पेन्शन, घरभाडं, बँकेचं खातं, शेजाऱ्यांशी तंटा हे सगळं उपचाराचाच भाग धरलं गेलं. त्रिएस्तेतही सोडलेल्या रुग्णाच्या हातून हत्या घडली. बझालियांवर पुन्हा खटला झाला आणि ते पुन्हा सुटले. आवारातल्या भिंतीवर उगो ग्वारिनो या चित्रकाराने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाक्य तसंच राहिलं : स्वातंत्र्य हाच उपचार आहे. जानेवारी १९७७ मध्ये बझालियांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की सान जोव्हान्नी बंद करायचं काम पुरं होत आलं आहे.

आता प्रश्न देशाचा होता. रॅडिकल पक्षाने १९०४चा कायदा रद्द करण्यासाठी सह्या गोळा केल्या आणि जून १९७८ मध्ये सार्वमत घ्यायचं ठरलं. मोठ्या पक्षांना दोन्ही निकालांची धास्ती होती. सार्वमतात जुना कायदा टिकला तर सुधारणा कायमची अडणार. रद्द झाला तर मागे काही नियमच उरणार नव्हता. सार्वमत टाळायचं तर आधी नवा कायदा हवा. देश त्या वेळी हादरलेला होता. दहशतवाद्यांनी पळवून नेलेले माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह ९ मेला रोममध्ये सापडला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १३ मे १९७८ रोजी, १८० क्रमांकाचा कायदा मंजूर झाला. तो मांडणारे ब्रुनो ओर्सिनी स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट होते. लोक त्याला ‘बझालिया कायदा’ म्हणतात, पण मजकूर बझालियांनी लिहिला नव्हता आणि त्यातल्या काही तडजोडी त्यांना रुचल्याही नव्हत्या.

कायद्याने ‘धोकादायक’ हा शब्द काढून टाकला. सक्तीने उपचार करता येतील, पण त्याला अटी घातल्या : दोन डॉक्टरांचं मत, महापौरांचा आदेश, ४८ तासांत न्यायाधीशांना खबर, मुदत सात दिवस, पुढे वाढवायची तर पुन्हा कारण द्या. दाखल करायचं ते सर्वसाधारण रुग्णालयात, जिथे हृदयाचे आणि पोटाचे रुग्ण असतात तिथेच, पंधरापेक्षा जास्त खाटा नसलेल्या विभागात. उपचाराचं मुख्य ठिकाण वस्तीतलं केंद्र. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वांसाठी आरोग्यसेवेचा कायदा झाला आणि हे नियम त्यात सामावले गेले.

बझालियांना त्याची अंमलबजावणी पाहायला फार दिवस मिळाले नाहीत. १९७९च्या अखेरीस ते रोमच्या भागाची जबाबदारी घेऊन गेले. मेंदूत गाठ निघाली आणि २९ ऑगस्ट १९८० रोजी व्हेनिसमध्ये ५६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. फ्रांका ओंगारो पुढे सिनेटवर निवडून आल्या आणि कायदा कागदावर राहू नये म्हणून अनेक वर्षं झगडल्या.

झगडणं भागच होतं. कायद्याने काय बंद करायचं ते सांगितलं. काय उभं करायचं, कोणत्या पैशाने, कोणत्या मुदतीत, हे प्रादेशिक सरकारांवर सोडलं. जिथे त्रिएस्तेसारखी तयारी होती तिथे माणसं सावरली. जिथे नव्हती, विशेषतः दक्षिणेत, तिथे रुग्ण घरी आले आणि त्यांचा भार आयांवर आणि बहिणींवर पडला. रात्री दोन वाजता मुलाचा तोल गेला तर दार ठोठवायला केंद्र नाही, डॉक्टर नाही. अशा कुटुंबांनी संघटना काढल्या आणि काहींनी कायदा मागे घेण्याची मागणी केली. त्यांचा राग रास्त होता. जुनी रुग्णालयं पुरती बंद व्हायला १९९०चं दशक संपत आलं, आणि गुन्हा केलेल्या मनोरुग्णांसाठीची वेगळी कोठडीवजा रुग्णालयं २०१४च्या कायद्यानंतरच बंद होऊ लागली.

पण अमेरिकेत काय झालं तेही पाहावं. तिथेही १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठमोठी मनोरुग्णालयं रिकामी होऊ लागली. मात्र १९६३ मध्ये वस्त्यांत उघडायची ठरलेली केंद्रं निम्मीच उघडली. पुष्कळ रुग्ण रस्त्यावर आणि नंतर तुरुंगात पोहोचले. भिंत पाडणं स्वस्त असतं. भिंतीऐवजी जे उभं करायचं ते महाग असतं. त्रिएस्तेने ती किंमत मोजली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ पासून तिला सहयोगी केंद्र म्हणून मान दिला. या कामाचे पडसाद इटलीबाहेरही उमटले. १९७९ मध्ये बझालिया ब्राझीलला गेले होते. तिथल्या बार्बासेनाच्या मनोरुग्णालयातले हाल पाहून त्यांनी त्याची तुलना नाझींच्या छळछावणीशी केली. त्यातून पेटलेल्या चळवळीचं फळ म्हणजे ब्राझीलचा २००१चा कायदा. खुद्द त्रिएस्तेच्या केंद्रांवरही अलीकडच्या वर्षांत माणसं आणि पैसा कमी पडण्याचं संकट आहे. हे काम एकदा करून संपत नाही.

आज सान जोव्हान्नीत सार्वजनिक उद्यान आहे. हजारो गुलाबांची बाग आहे, विद्यापीठाचे वर्ग आहेत, सहकारी संस्थेचं उपाहारगृह आहे.

आणि आपल्याकडे? मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ ही वाक्यं आपण थट्टेत सहज बोलतो. त्या दोन्ही ठिकाणी, तसंच नागपूर आणि रत्नागिरीला, राज्याची मनोरुग्णालयं आहेत आणि बरं होऊनही घरच्यांनी न नेल्यामुळे आत राहिलेल्या माणसांची व्यथा तिथल्या डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. पोटातून साप गेला आहे, पण दाराशी कोणी उभं नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला लागलेल्या आगीत साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं होरपळून गेली. त्यानंतर आपणही या विषयाकडे पाहायला शिकलो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर कोणत्याही स्वरूपात बंदी घातली. माणसाला आवरून धरावंच लागलं, तर ते तातडीचा धोका टाळायला दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, तज्ज्ञाच्या परवानगीने. आणि का, कसं, किती वेळ याची नोंद करायची.

म्हणजे वही आपल्याकडेही आहे. गोरित्सियात ती रोज सकाळी न वाचता सहीसाठी पुढे येत होती आणि एका सकाळी एका माणसाने ती वाचली. आपल्याकडच्या नोंदी कोण वाचतं, आणि वाचल्यावर त्या माणसासाठी वस्तीत कोणतं दार उघडं आहे, हे विचारायचं काम कायद्याने आपल्यावर टाकलं आहे.